अंगावरचं शिवू नये

टॉडमॉर्डनला कालव्याच्या अंगाला माझं दुकान.
चेन बदलणे, पँट आखूड करणे, पडदे.
पाटीवर एवढंच. बाकीचं लोक आपणहून आणतात.

मंगळवारी मिसेस ॲक्रॉइड आल्या.
त्यांच्यामागे सहा वर्षांची एक मुलगी,
आणि मुलीच्या डाव्या हातात, थेट कोपरापर्यंत,
ओव्हनचा जाड मोजा.
निळ्या चौकटींचा, मोठ्या बाईच्या मापाचा.
करंगळीपासून मनगटापर्यंत उसवलेला,
आतला कापूस जिभेसारखा बाहेर.

"ही एफी. तीन आठवडे झाले माझ्याकडे."
पुढचं त्या नुसत्या ओठांनी बोलल्या :
घर. आग. आई.
मग मोठ्याने, "नवं अस्वल आणलं. ससा आणला.
रात्री मोजा काढला की झोपच नाही.
धुवायचा मात्र नाही हं, वास जाईल."

मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले.
कापड हातात घेतल्याशिवाय
मला त्याची तक्रार ऐकू येत नाही.
"दे बघू," म्हणाले.
तिने हात पाठीमागे नेला.
चुकलंच माझं.
ज्याचं सगळं गेलंय
त्याला 'दे' म्हणू नये.

"बरं, हातातच राहू दे.
पण अंगावरचं शिवायचं तर आमच्यात एक नियम आहे,
दातांत दोरा धरायचा. घट्ट."
का, ते तिने डोळ्यांनी विचारलं.
मला तरी कुठे कुणी सांगितलं होतं?
ठोकून दिलं, "नाहीतर सुई चुकून
माणसालाच शिवून टाकते."
तिने विचार केला.
तोंड उघडलं.

धुराचा वास येईल म्हणून मी श्वास धरून वाकले.
आला तो लोण्याचा. जुन्या, खमंग.
एवढ्या मोठ्या हातात एवढासा हात,
अंगठ्याच्या जागेपर्यंत अंगठा पोचतच नव्हता.
दर टाक्याला मी चाचपत होते
ती कुठे संपते, मोजा कुठे सुरू होतो.

अंगठ्यावर रुपयाएवढा काळा डाग.
मी धरूनच चालले, हा त्या रात्रीचा.
काही न बोलता डबा उघडला,
निळं ठिगळ शोधू लागले.

दोरा तोंडातून पडला.
"तो नको. तो पायचा आहे."

इतकी वर्षं झाली इथे, तरी कान आधी मराठीच ऐकतो :
हाताला पाय कुठला?
"सफरचंदाचा," ती म्हणाली. "रविवारचा.
मम्मी विसरली, मग मोजा चिकटला,
मग मम्मी एक घाण शब्द बोलली,
मग आम्ही हसलो."

मिसेस ॲक्रॉइड खुर्चीत बसल्या.
खुर्चीवर कुणाचा तरी इस्त्री केलेला कोट होता,
त्यावरच.

"कुठला शब्द?" मी विचारलं.
तिने सांगितला.
शब्द खरंच घाण होता.
ठिगळ डब्यात गेलं, दोरा दातांत गेला,
आम्ही पुढे शिवत राहिलो.

मार्चमध्ये परत आली.
मोजा कोटाच्या खिशात,
काळा अंगठा तेवढा बाहेर.
"नाडी लावून हवीय. खुंटीला टांगायला."
"कुठल्या खुंटीला?"
"तिच्या स्वयंपाकघरातल्या." आणि लगेच,
"पण दुसऱ्या कुणी घालायचा नाही."

काउंटरवर ठेवला. आपणहून.
हात मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला,
तळवा वर.
मला कळायला वेळ लागला.
दोरा हवा होता तिला, दातांत धरायला.

मोजा आता कुणाच्याच अंगावर नव्हता.
तरी मी रिळाचा तोडून दिला.
एक तिला.
आणि एक, कोण जाणे का,
मीही धरला.